पाण्यापुढे चालणारा

माझं नाव झेलाबाई. हसू नका, लिहा तसंच. माझ्या आधीची लेकरं आईच्या मांडीवर गेली, म्हनून मी झाले तेव्हा आत्यानं माले वरून सोडलं नि आईनं पदरात झेललं, आमच्यात असं करतात, सटवाईले वाटलं पाहिजे की हे भलत्याचंच लेकरू आहे, तर मी झेलाबाई झाले. माझ्यामागून भाऊ झाला, त्याले सुपात घालून लोळवलं, तो सुपडू. आम्ही दोघंच जगलो, म्हनून त्याचा जीव माझ्यात नि माझा त्याच्यात. तुमाले सांगायची ती गोष्टबी त्याचीच आहे, माझी अशी काय गोष्ट असनार, चूल नि शेन. मी तुमच्याशी शहरी बोलायले पाहते, पन राग आला की अहिरानीच येते तोंडात, तेवढं सांभाळून घ्या.

माहेर माझं मोहखेडं, सासर हे तळवाडं, मधे दोन कोस नदी. एकच पांझरा, वरती त्यांची नि खाली आमची. दोन्ही गावांले आपापला दगडी बंधारा, कोनी बांधला ते आज्याच्या आज्यालेबी माहीत नव्हतं. बंधाऱ्याले अडून पानी पाटात जातं, पाटातून फडात. आता फड म्हनजे काय तेबी सांगावं लागेल तुमाले, तुमच्या धुळ्यात नळ फिरवला की पानी येतं. गावच्या मानसांची शेतं एकाला एक लागून, ते बठ्ठं मिळून एक फड, त्यात पीक एकच, ऊस तर बठ्ठ्यांचा ऊस, गहू तर बठ्ठ्यांचा गहू, नि पानी एकामागून एक सर्वांले, त्यात कोनी पाटील नाही कोनी गरीब नाही. पानी सोडतो तो पाटकरी. त्याच्या शब्दावर गाव चालायचं. स्वराज्य आलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझं लगीन झालं तेव्हा आई म्हने, तुले लांब कुठं देत नाही, नदीनंच जानार आहेस नि नदीनंच येशील. तिले बिचारीले काय माहीत.

होळी झाली की नदी बारीक व्हायची. वरच्या बंधाऱ्यानं बठ्ठं पानी पाटात ओढलं तर खालच्यांले थेंब नाही, म्हनून मग पाळी. एक दिवस वरच्यांनी घ्यायचं, एक दिवस त्यांनी आपल्या पाटाचं तोंड माती-पाल्यानं बुजवायचं, म्हनजे पानी बंधाऱ्यावरून उतरून आमच्याकडं. ही बोलनी दरसाल नव्यानं व्हायची. दोन्ही गावचे पंच शिवेवर नदीच्या वाळूत बसायचे, घोंगडी नाही, सतरंजी नाही, वाळूतच, म्हनजे कोनी वर नाही नि कोनी खाली नाही. भांडायचे, एकमेकांच्या आयाबहिनी काढायचे, विड्या ओढायचे, मग बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायचे नि सोयरे असल्यासारखे उठायचे. सोयरे होतेच की. नियम तेच, आजापंज्यांनी घातलेले. पाळी मोजायची ती वरती पाटाचं तोंड बुजवलं तेव्हापासून.

नि पान्यापुढं मानूस चालायचा. हे तुम्ही कुठं ऐकलं नसेल. वरच्या गावचा मानूस फावडं घेऊन कोरड्या नदीत उतरायचा नि वाळूत रेघ ओढत पुढंपुढं चालायचा, पानी त्याच्यामागून. शिवेपर्यंत आनून खालच्या गावाच्या हवाली करायचं. पन त्यानं मागं वळून पाहायचं नाही. नदी माय आहे, ती लेकराच्या मागून येते आहे, लेकरानं पाहिलं की ती रुसते नि तिथंच बसते. कोनी पाहिलंच, तर ती पाळी बाटली. मग वरच्या गावानं दुसरी पाळी द्यायची, नि ज्यानं पाहिलं त्याच्या हातात जन्मात फावडं द्यायचं नाही. असा नियम, पन तसं घडलेलं कोनाच्या ऐकिवात नव्हतं. शिवेवर तो आला की खालच्या गावच्या बाईनं त्याचे पाय धुवायचे, घरच्या पान्यानं नाही, त्याच्यामागून आलेल्या पान्यानं. मग नारळ, टोपी नि खीर.

माझं लगीन झाल्यावर सुपडू मोहखेड्याचा पाटकरी झाला नि तोच पान्यापुढं चालायले लागला. मग पाय कोन धुनार, बहीनच ना. सकाळी निघालेला तो दुपार कलायच्या आत शिवेवर, नि पानी कसं, त्याच्या टाचेले लागलेलं, वासरू गाईमागं येतं तसं. खीर खाताना माले चिडवायचा, म्हने अक्का, खीर पातळ शे, पानी जास्त व्हयनं का तुमना गावले. मी त्याले चमचा फेकून मारायची. बरे दिवस होते हो ते. फार नव्हते, पन होते.

मग पानी ओढायचं इंजिन आलं. नि पहिलं इंजिन कोनाचं, तर माझ्या आबाचं, माझ्या बापाचं. आबा मोहखेड्याचा मुख्य पंच. त्यानं नदीच्या थडीले मोठा खड्डा खोदला, बंधाऱ्याच्या खाली, नि त्यावर ते इंजिन बसवलं, फडाच्या बाहेरच्या माळावर ऊस लावला. गावानं ओवाळलं त्या इंजिनाले, कुंकू लावलं, मीबी गेले होते, पेढा खाल्ला. दुसऱ्या साली आणखी इंजिनं. दुपारी बठ्ठं गाव चूप असलं की दोन कोसावरून आवाज यायचा नदीच्या अंगानं, टुकटुक, टुकटुक. आधी बरं वाटायचं, माहेरचा आवाज. मग नाही. आमच्या डोहातले मासे पांढरे पोट वर करून पडले. कुत्री नदीत वाळू उकरायची, उकरायची, नि तोंड कोरडंच घेऊन यायची. बाया पान्यासाठी वाळूत झिरा खोदायच्या तो आधी ढोपरभर, मग कमरेइतका, मग त्यात उतरावं लागे. गावची पिन्याची विहीर बंधाऱ्याच्या काठाले, बंधाऱ्यात पानी तर विहिरीत पानी. तिच्या पान्याले चव निराळी यायले लागली, मातकट, भांड्याच्या तळासारखी. सासू म्हने, हे पानी मरते वेळचं आहे. मी म्हनलं, तुमच्या तोंडाले लागा आग. पन मनात मीबी तेच म्हनत होते.

त्या साली शिवेवर बोलनी बसली ती तीन बैठका चालली. आमच्याकडून आसाराम नाना, म्हातारा, फडाचा जुना पंच, फार तोंडाळ पन सरळ. तो म्हने, आता पाळी पानी शिवेवर पोचल्यापासून मोजा, वाळू तापली आहे, ती आधी पेते. आबा म्हने, आजानं घातलेला नियम मी मोडू का, उद्या तुमच्या खालचं गाव येईल, त्याच्या खालचं येईल, मोजत बसू का बठ्ठ्यांची वाळू. मग नाना म्हने, बरं, आमच्या पाळीत इंजिनं बंद ठेवा. तर आबा काय म्हनाला, मना खड्डा शे, त्यामानं पानी मनं, नदीनं पानी तुमनं, बोलनी बंधाऱ्यानी शे, इंजिननी नही. म्हनजे खड्डा त्याचा तर त्यातलं पानीबी त्याचंच, नि आजाच्या नियमात इंजिन नव्हतं ना, म्हनून इंजिनाले नियमच नाही. काय सांगू तुमाले, माझा बापच तो, मोठ्या डोक्याचा, पन त्या दिवशी त्याच्या तोंडाकडं पाहवेना. शेवटी सुपडू मधे उठला, बेल-भंडारा उचलला नि म्हने, भांडू नका, पानी शिवेले आनाची जबान मनी. आबानं त्याच्याकडं पाहिलं. आता उचललाच तर काय बोलनार.

पाळीच्या दिवशी आम्ही बठ्ठं गाव शिवेवर. संबळवाला आनला होता. बायांनी रिकामे हंडे मांडून ठेवले वाळूत, विहिरीत तेव्हा नुसता गाळ राहिला होता, लेकरांले फडक्यातून गाळून पाजत होतो. ऊन असं की वाळूवर पाय ठरेना, एक पाय वर एक पाय खाली असं चाललं बायांचं. दुपार कलली. संबळवाला वाजवून थकला नि गप बसला. तो गप बसला तशी वरून टुकटुक ऐकू यायले लागली.

नि मग वळनावर सुपडू दिसला. फावडं वाळूत ओढत, मान ताठ, नजर समोर. लेकरं ओरडली, आला, आला. मी तांब्या उचलला. तो जवळजवळ येतो आहे नि मी त्याच्या पायांकडं पाहते आहे, त्याच्या पायामागं पाहते आहे. कोरडं. त्यानं ओढलेली रेघ तेवढी मागून येत होती. तो शिवेवर आला, थांबला, घामानं थबथबलेला, नि हसला माझ्याकडं. म्हने, पानी टाक ना अक्का, उभी कसाले शेस. त्याले माहीतच नव्हतं हो. माझ्या हातात रिकामा तांब्या. मी म्हनलं, सुपडू, मांगे देख. तो म्हने, आते देखू का? मी म्हनलं, देख. तेव्हा तो वळला. त्यानंतर त्याचं तोंड मी पाहिलं नाही, मी खाली मान घातली.

गलका झाला. आसाराम नाना पुढं आला नि म्हने, तू मांगे देखं व्हई. सुपडू म्हने, नही देखं नाना, मायनी आन. नाना म्हने, खोटं बोलतोस, देखं तूच. बठ्ठे तेच, देखं, देखं. कोनी हात नाही लावला त्याले, तेवढी अब्रू ठेवली, पन शिवेवरून हलू देईनात, पानी येईपर्यंत इथंच बस म्हनले. बसवला उन्हात. आमचे मालक गरीब स्वभावाचे, ते मेव्हन्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले सावली पडावी म्हनून. मी घरून तांब्यात गढूळ पानी नेलं तर सुपडू पेईना. म्हने, ऱ्हाऊ दे, पोरेसले दे. नि हळू आवाजात, अक्का, मी नही देखं. मी म्हनलं, माले माहीत शे. तो देवीले भिनारा मानूस, रस्त्यातल्या शेंदूर लावलेल्या दगडाले वळसा घालून जायचा, तो कशाले पाहील मागं.

मग मी उठले नि दोन बाया सोबत घेऊन नदीनं वर निघाले. त्याच्याच रेघेवरून. अर्ध्या वाटेच्या वर गेलो तेव्हा पानी सापडलं. येत होतं हो, नव्हतं असं नाही. वरून पातळसं येत होतं, पुढं काडीकचरा नि फेस, नि एका ठिकानापर्यंत येऊन संपत होतं. अडलेलं नाही, फाटा फुटलेला नाही. खाली जात होतं. मी तळहात ठेवला वाळूवर, तर पानी बोटांमधून खाली चाललेलं, कोनी खालून ओढतं आहे असं. शेजारीच थडीवर इंजिनं चालू. सोबतची बाई म्हने, झेला, चाल परत, इथं बरं नही वाटत. नदी अशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. रुसली असती तर समजूत घातली असती, ही तर मुरत होती.

परत येऊन मी मोठ्यानं सांगितलं, बाई असून मानसांत शिरून सांगितलं, कोनी मांगे देखं नही, वाळू बठ्ठं पी गयी, वर जाऊन पाहा. कोनी जायले तयार नाही. आसाराम नाना म्हने, बाई, तू माहेरची बाजू घेशीलच. काय हो, त्यानंच बैठकीत म्हनलं होतं ना की वाळू पेते, तोच आता ऐकेना! तेव्हा माले फार राग आला, पन पुढं पुढं उमगलं. सुपडूनं पाहिलं असेल तर बरं, मग दोष एका मानसाचा, दुसरा मानूस पाठवला की नदी येनार. नि त्यानं पाहिलं नसेल तर मग काय, मग नदीच संपली म्हनायचं. ते कोनाच्या जिभेवर येनार? हंडे मांडलेल्या बायांसमोर कोन बोलनार ते?

दिवस मावळायच्या आधी आबा नि मोहखेड्याचे पंच आले. वाळूत बसले. आसाराम नानानं दुसरी पाळी मागितली. आबा म्हने, पोऱ्यानं मागं पाहिलं असेल तर पाळी बाटली, दुसरी पाळी देनं माझ्यावर आहे, उद्या सकाळी पाट बुजवतो. नि पाहिलं नसेल, तर पाळी चालू आहे, मोजनी सकाळपासून सुरू झाली, उद्या सकाळी संपते, पानी पोचो न पोचो. नियम नियमाच्या जागी. एवढं बोलून तो विडी पेटवायले लागला, काडी विझली, दुसरी काढली. सुपडूकडं त्यानं पाहिलं नाही. बठ्ठं गाव मात्र सुपडूकडं पाहत होतं. त्या मानसांच्या नजरा माले अजून दिसतात. बठ्ठे एकच मागत होते त्याच्याकडं. माझा नथू तेव्हा लहान, माझ्या कडेवर, तोंड सुकलेलं, त्याच्याकडंबी पाहिलं सुपडूनं.

नि मग म्हने, देखं मी. मांगे वळीसन देखं.

आबा उठला, त्याच्या हातातलं फावडं घेतलं नि दुसऱ्याच्या हातात दिलं. बापानं, स्वतःच्या हातानं. मी ओरडले, आबा, तुले माहीत शे, तुले बठ्ठं माहीत शे! मालकांनी माले मागं ओढलं. आबा धोतर झटकून निघाला, नि सुपडू त्याच्यामागून, अंतर ठेवून.

नि ऐका आता. दुसऱ्या दिवशी पाट बुजवला, दुसरा मानूस पान्यापुढं चालला, नि ऊन उतरायच्या आत पानी शिवेवर! घोट्याइतकं! आदल्या दिवसाच्या पान्यानं वाळूचं पोट भरलेलं, तिले आता तहान नव्हती, म्हनून वरचं पानी सरळ चालत आलं. एवढी साधी गोष्ट. पन गाव म्हने, पाह्यलं का, देखं होतं तर त्यानंच, नाहीतर आज कशी आली माय. ओंजळीनं पानी पेत होते, बठ्ठ्यांचे ओठ ओले, नि त्याच ओठांनी माझ्या भावाले शिव्या. त्या मानसाचे पाय धुवायले माले बोलावलं. नाही गेले. सासू म्हने, रीत आहे. मी म्हनलं, तुम्ही धुवा रीत.

त्यानंतर सुपडूचं काय राहिलं. पाटकरीपन गेलंच, पन कोनी पेरनीले तिफन धरू देईना, नवरदेवापुढं चालू देईना, कोनाच्या घराची वास्तू असली की त्याले सांगायचे, तू मागून ये. मागं पाहनारा म्हनून नाव पडलं. वर्षभर सोसलं त्यानं, मग बायको घेऊन यावलकडं गेला, केळीच्या बागेत मजुरी करतो. दिवाळीले बोलावते तर येत नाही. म्हने अक्का, नदी ओलांडावी लागते.

पुढच्या सालीबी पहिली पाळी वाळूनं खाल्ली, तेव्हापासून मोहखेड्यानं आपला मानूस पाठवनंच सोडलं. म्हने, आमचीच मानसं का बाटवायची दरसाल, तुमचं पानी तुमचा मानूस नेऊ द्या, नि दुसरी पाळी मागू नका. आमच्या पंचांनी मान्य केलं, काय करनार. कधी पानी पोचतं, कधी नाही पोचत, कोरडं आलं की आमच्याच मानसाले आमचंच गाव म्हनतं, देखं तू. एकजन तर गावात परतलाच नाही, तसाच नदीनं खाली चालत गेला, त्याची बायको अजून वाट पाहते. खोटं कशाले बोलू, आता तळवाड्यातबी इंजिनं आहेत, आमच्या भावकीत आहे एक. खालच्या गावची मानसं आमच्याकडं येतात बोलनीले, नि आमचे पंच त्यांले काय सांगतात, खड्डा आमना शे. मी ऐकते घरातून. वर कुठंतरी सरकार मोठं धरन बांधनार म्हने, मग बठ्ठ्यांले पानी. बांधो बापडं.

आबा आहे अजून. डोळे गेले त्याचे. मी भेटायले जाते, इंजिन चालू असलं की मान तिकडं करून बसतो. एकदा म्हने, सुपडू कसा शे. मी म्हनलं, तुले कसाले पाह्यजे. त्यानं मान परत इंजिनाकडं केली.

तुमाले हे बठ्ठं आज का सांगते, विचारा. औंदाची बोलनी झाली मागच्या बाजाराच्या दिवशी. उद्याची पाळी. नि पान्यापुढं चालायले गावानं निवडलं कोनाले, माझ्या नथूले. म्हने, मामाचा डाग भाच्यानं धुवावा. ताठ मानेनं हो म्हनून आला घरी, फावडं घासत बसला. मी त्याले बसवून सांगितलं, बाळा, मामानं देखं नव्हतं, वाळू पी गयी होती, मी माझ्या हातानं पाहिलं आहे, तू उद्या वळनावळनाले मागं पाहत ये, नि पानी नसेल तर घरी येऊच नको, तसाच यावलले मामाकडं निघून जा. तर हसला माझ्यावर. म्हने माय, मंग दुसरे दिन पानी शिवेवर कसं ऊनं? नि म्हने, मी मामासारखं नही करनार. मी मांगे देखसूच नही.

माझ्या पोटचा नि तोबी तेच म्हनतो. काय करायचं, सांगा.

तुम्ही उद्या मोहखेड्याहून मोटार धरनार ना? मग नदीनंच जाल, तीच वाट. तो तुमाले समोरून येताना दिसेल, तुम्ही बाजूले व्हा, त्याले जाऊ द्या. नि मग मागून हाक मारा त्याले. नथू म्हना, मोठ्यानं म्हना, पडलात असं करा, काहीबी करा, पन एकदा त्याले वळून पाहू द्या. देव तुमचं भलं करो, तुमच्या लेकराबाळांले सुखी ठेवो. एवढं करा.